आमच्या वसतिगृहाचा ‘ड्रायव्हर’

‘ड्रायव्हर’ हा शब्द कानीं पडतांच आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें खाकी पोशाख घातलेला, मोटारीच्या कांचेवर फडकें फिरवीत उभा असलेला एखादा गृहस्थ येईल. आम्ही ज्या ड्रायव्हराविषयीं आज चार शब्द लिहूं इच्छितों त्याला पोशाख नाहीं, पगार नाहीं, आणि तो कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीं. एका संगणकांतील प्रश्न दुसऱ्या संगणकाकडे पोंचविणें आणि त्याचें उत्तर परत आणणें, एवढेंच त्याचें काम. परंतु २०२४ सालच्या पावसाळ्यांत या अदृश्य गृहस्थाच्या पायीं एका सज्जन कारकुनाची बावीस वर्षांची चाकरी आणि अब्रू हीं दोन्ही एका आठवड्याकरितां टांगणीस लागलीं होतीं. तो प्रकार आम्हीं जवळून पाहिला. म्हणून आमच्या अधिकाराबाहेरचा हा विषय या वयांत हातीं घेण्याचें धाडस करीत आहों.

जन्मभर आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. इंग्रजी विद्येच्या नांवानें मॅट्रिकचा दाखला तेवढा पेटींत आहे. सेवानिवृत्त झाल्यावर पुण्यांतील एका विद्यार्थी-वसतिगृहाच्या व्यवस्थापक मंडळावर आमची नेमणूक झाली. खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठीं आलेलीं दीडशेंच्या घरांत मुलें तेथें राहतात. दीडशें माणसांचें दोन वेळचें जेवण म्हणजे काय, हें ज्या गृहिणींनीं घरांत एखादें लग्नकार्य पार पाडलें आहे त्यांस सांगावयास नको. फरक इतकाच कीं लग्न चार दिवसांत आटोपतें आणि आमचें वसतिगृह सुटीचे दिवस वगळून वर्षभर चालतें. तांदूळ, तूरडाळ, गूळ, तेल, कणीक यांच्या खरेदीची पद्धत जुनी आणि सरळ आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारीं सकाळीं अकरा वाजतां दुकानदारांकडून बंद पाकिटांतून आलेलीं दरपत्रकें फोडावयाचीं, ज्याचा दर कमी त्याच्या नांवें त्याच दिवशीं मागणीपत्र काढावयाचें, माल आला कीं वजन करून घ्यावयाचा, आणि मग बिल चुकतें करावयाचें. हें सारें कार्यालयांतील संगणकांत कित्येक वर्षें नोंदलें जात होतें. परंतु कारकुनाच्या मेजापलीकडे तें कोणास दिसत नसे. देणगीदारांनीं म्हटलें, “आमच्या पैशाचें काय होतें तें आम्हांस घरबसल्या पाहतां यावें.” मागणी रास्त होती. मंडळानें ती मान्य केली आणि काम कोणास द्यावयाचें हा प्रश्न निघतांच सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले. कारण आमच्या धाकट्या बंधूंची कन्या हिंजवडीस एका कंपनींत याच कामावर आहे, हें मंडळांतील सर्वांस ठाऊक होतें.

आमच्या घरांत तीन भावांचे संसार अजून एका चुलीवर आहेत. त्यामुळें पुतणीस काम सांगावयास आम्हांस पत्र लिहावें लागलें नाहीं. रात्रीं पानावर बसल्या बसल्याच काम झालें. ती म्हणाली, “करीन कीं काका. पण फुकटचं काम आहे म्हणून घाई नाहीं करायची. आणि जुन्या नोंदींना मी हात लावणार नाहीं, फक्त वाचीन.” हें तिचें शेवटचें वाक्य आम्हांस फार आवडलें. दुसऱ्याची वही पाहतांना शाईची दौत दूर ठेवावी, असें आमचे वडील सांगत असत.

पुढें महिनाभर रविवारीं दुपारीं ती माजघरांत आपला लॅपटॉप घेऊन बसे आणि आम्ही शेजारीं सुपारी कातरीत बसत असूं. त्या वेळीं तिनें आम्हांस जें समजाविलें तें आमच्या भाषेंत सांगावयाचें तर असें आहे. नोंदींचें कोठार, ज्याला हे लोक डेटाबेस म्हणतात, तें एका संगणकांत असतें. लोकांस दिसणारें पान, म्हणजे वेब ॲप्लिकेशन, दुसऱ्या संगणकांत राहतें. दोघांची बोली निराळी. पानाची जी भाषा आहे, आमच्या पुतणीच्या बाबतींत जावा नांवाची, ती कोठारास कळत नाहीं. आणि कोठार ज्या सांकेतिक रूपानें उत्तर पाठवितें तें पानास कळत नाहीं. यांच्यामध्यें जो दुभाष्या लागतो तो हा ड्रायव्हर. आम्हांस पेशवाईतील वकिलांची आठवण झाली. हिंगण्यांचें घराणें पेशव्यांच्या वतीनें दिल्लीस असे. पुण्याचा मजकूर दरबारी फारशींत तिकडे घालावयाचा आणि तिकडचा जबाब मराठींत इकडे कळवावयाचा, ही त्यांची चाकरी. वकील चांगला असेल तर दोन्ही दरबारांस तो मध्यें आहे याचा विसर पडतो.

पूर्वी या कामांत मोठी बजबजपुरी होती असें दिसतें. एडगर कॉड नांवाच्या आयबीएम कंपनींतील गणितज्ञानें १९७० साली नोंदी तक्त्यांच्या रूपानें ठेवण्याची उपपत्ति मांडली, आणि १९७४ साली त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉइस यांनीं त्या तक्त्यांस प्रश्न विचारण्याची जी भाषा रचली तीच पुढें एसक्यूएल या नांवानें रूढ झाली. तरी पण प्रत्येक कोठारवाल्याचें दार निराळें, कुलूप निराळें. चार कामें आणि पांच कोठारें असलीं तर वीस दुभाषे बाळगण्याची पाळी येई. १९९२ साली मायक्रोसॉफ्टनें ओडीबीसी आणि १९९७ साली सन कंपनीनें जावासाठीं जेडीबीसी असे ठराव घालून दिले. म्हणजे वकिलानें दरबारांत कसें उभें राहावें, प्रश्न कसा घालावा, उत्तर कसें आणावें यांचे नियम एकच ठरले. तेव्हांपासून ज्यानें त्यानें आपल्या कोठाराचा एक वकील या नियमांप्रमाणें तयार करून द्यावा म्हणजे झालें.

या वकिलास पाठवितांना त्याच्या हातीं एक चिठी द्यावी लागते. तींत कोठार कोणत्या संगणकांत आहे, त्याचें दार कितव्या क्रमांकाचें, वकिलाचें नांव काय, परवलीचा शब्द कोणता, आणि दोन्हीकडची कांहीं रीतभात, इतका मजकूर असतो. आमच्या पुतणीनें या नांवास केवळ वाचनाचा अधिकार दिला. लिहिण्याचा किंवा खोडण्याचा दिला नाहीं. तिच्या म्हणण्याप्रमाणें ही काळजी पुष्कळ हुशार माणसेंही घेत नाहींत.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ज्या गमती झाल्या त्यांपैकीं दोन सांगण्यासारख्या आहेत. वसतिगृहास पाव पुरविणारे गृहस्थ मूळचे गोव्याकडील. त्यांचें आडनांव इंग्रजींत लिहितांना ‘डी’ या अक्षरापुढें आपल्या अवग्रहासारखें एक चिन्ह वर टांगलेलें असतें. त्यांचें नांव घालून शोध केला कीं पान बंद पडे. वाण्याचें किंवा दूधवाल्याचें घातलें तर नाहीं. कारण असें कीं एसक्यूएलमध्यें तें चिन्ह म्हणजे ‘मजकूर येथें संपला’ अशी खूण आहे. नांव अर्ध्यावर तुटे आणि उरलेला भाग आज्ञा म्हणून वाचला जाई. पाववाल्याच्या बाबतींत यांत हंसण्यापलीकडे कांहीं नव्हतें. परंतु एखादा दुष्ट मनुष्य मुद्दाम तें चिन्ह घालून पुढें ‘सर्व तक्ते नष्ट करा’ असें लिहील तर, ज्या पानास खोडण्याचा अधिकार दिलेला आहे तें पान तेंही करून बसेल. उपाय मात्र आमच्या ओळखीचा निघाला. कोणत्याही कार्याच्या आरंभीं उपाध्याय संकल्प सांगतात. त्यांतील वाक्य ठरलेलें असतें, आणि गोत्र व नांव यांची जागा मोकळी ठेवलेली असते. यजमानानें त्या जागीं कोणतेंही नांव उच्चारलें तरी संकल्पाचें वाक्य बदलत नाहीं. तसेंच ड्रायव्हराकडे आधीं वाक्य द्यावयाचें, त्यांत रिकाम्या जागीं प्रश्नचिन्ह ठेवावयाचें, आणि नांव मागाहून वेगळें द्यावयाचें. मग तें नांव नांवच राहतें, आज्ञा होऊं शकत नाहीं. आमची पुतणी म्हणाली, “काका, हें तर आमच्याकडे पहिल्या दिवशीं शिकवतात.” “मग तूं तें पहिल्या दिवशीं कां केलें नाहींस?” असें आम्हीं विचारलें, तेव्हां ती जीभ चावून हंसली.

दुसरी गंमत तूरडाळीची. पानावर सर्वांत कमी दराचा दुकानदार पहिला दिसावा अशी योजना होती. एके दिवशीं पाहतों तों तूरडाळीच्या यादींत एक किराणावाला अग्रस्थानीं, आणि त्याचा दर शून्य रुपये! आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “त्याच्याकडूनच घरचीही डाळ आणा.” वस्तुतः त्या गृहस्थाकडे तूरडाळ नव्हतीच, म्हणून त्यानें तो रकाना कोरा सोडला होता. कोठारानें तो कोराच ठेवला होता. परंतु ड्रायव्हरास ‘मला संख्या आणून दे’ असें सांगितलें आणि आणावयास संख्याच नसली, तर नियमाप्रमाणें तो शून्य आणून देतो. ‘आतां आणलेलें शून्य खरें कीं कोरें?’ असें त्याला पुन्हा स्वतंत्रपणें विचारावें लागतें. न्याय-वैशेषिकांनीं अभाव हा एक निराळाच पदार्थ मानिला आहे. शून्य हा अभाव नव्हे, हें आम्हीं पुतणीस तर्कसंग्रहाच्या आधारें सांगूं लागलों तेव्हां तिनें हात जोडले. दुरुस्ती तिनें आधींच केली होती.

जुलैच्या अखेरीस पान सर्वांस खुलें झालें. देणगीदारांनीं वाहवा केली. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांत मंडळाची सभा भरली.

मंडळावर एक निवृत्त अधिकारी आहेत. हिशेबाची त्यांना उत्तम जाण आहे आणि स्वभावानें ते करडे आहेत. त्यांनीं पानावरील सर्व नोंदी छापून आणल्या होत्या. ते म्हणाले, “दरपत्रकें १ जुलैला फोडलीं आणि तांदुळाचें मागणीपत्र ३० जूनला निघालें. पाकीट फोडण्याच्या आदल्या दिवशींच कमी दर कोणाचा हें कारकुनास कसें समजलें?” सभा स्तब्ध झाली. त्यांनीं पुढें वाचून दाखविलें : फेब्रुवारींत फोडलीं ५ तारखेस, मागणीपत्र ४ तारखेचें; मार्चमध्यें फोडलीं ४ तारखेस, मागणीपत्र ३ तारखेचें; १ एप्रिलला फोडलीं, मागणीपत्र ३१ मार्चचें, म्हणजे तें मागल्या आर्थिक वर्षांत गेलें. एकही महिना सुटला नव्हता. “आणि हे सगळे रविवार आहेत,” ते म्हणाले. “कार्यालय बंद, माणूस कोणी नाहीं. हा गृहस्थ रविवारीं येऊन पाकिटें वाफेवर उघडतो, आपल्या माणसास मागणीपत्र देतो, आणि सोमवारीं आपणां सर्वांसमोर पाकिटें फोडण्याचें नाटक करतो.” ज्या व्यापाऱ्याकडून बहुधा तांदूळ येई तो कारकुनाच्या गांवचा होता, हेंही त्यांनीं जातां जातां सांगितलें.

आमचे कारकून, ज्यांना सर्वजण भाऊसाहेब म्हणतात, त्यांना बोलावण्यांत आलें. त्यांनीं तो कागद हातीं घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, “मी रविवारीं कधीं आलों नाहीं, साहेब. पण ही तारीख तर इथं छापलीय.” आम्हांस त्या क्षणीं सर्वांत वाईट वाटलें तें याचें. आपण जें केलें नाहीं तें छापील दिसल्याबरोबर त्या मनुष्याचा स्वतःच्या स्मरणावरचाच विश्वास डळमळला होता.

आम्हीं बारनिशी मागविली. जावक नोंदींत मागणीपत्र १ जुलैचेंच होतें. त्यावर अधिकारी म्हणाले, “बारनिशी हातानें लिहिलेली, ती त्यांच्याच हातची. पान संगणकाचें; त्याला कोणाचें देणेंघेणें?” आम्हीं म्हटलें, “३० जून रोजीं दोन्ही पालख्या पुण्यांत आल्या. त्या दिवशीं वारकऱ्यांना पिठलें-भाकरी वाढण्याच्या कामीं भाऊसाहेब सकाळपासून रात्रीं दहापर्यंत आमच्याबरोबर होते; अर्धें शहर रस्त्यावर असतांना ते कार्यालयांत केव्हां गेले?” “मागणीपत्र लिहावयास पाव तास पुरतो, गुरुजी,” असें उत्तर आलें. तेंही खोटें नव्हतें. शेवटीं, पुढील सोमवारपर्यंत भाऊसाहेबांनीं खरेदीच्या कामास हात लावूं नये असा ठराव झाला. आम्हीं विरोधाचें मत नोंदविलें. भाऊसाहेबांनीं कपाटाच्या किल्ल्या मेजावर ठेवल्या. त्या ठेवतांना झालेला आवाज आम्हांस अजून आठवतो.

कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ साली छापून प्रसिद्ध केलें. त्यांत राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत, आणि त्या यादीच्या आरंभींच, अगोदर घडलेलें मागाहून दाखल करणें व मागाहून घडलेलें अगोदर दाखल करणें, हे प्रकार आहेत. तारखेचा घोळ हा लबाडीचा सर्वांत जुना मार्ग असल्यामुळें त्याबद्दल संशय घेणाऱ्या अधिकाऱ्यांस आम्ही दोष देऊं इच्छीत नाहीं. युक्रेन देशानें २०१६ साली सर्व सरकारी खरेदी ‘प्रोझोरो’ नांवाच्या योजनेनें लोकांस उघडी केली. त्या नांवाचा अर्थच पारदर्शक असा आहे. आपल्याकडेही त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सरकारी खरेदीसाठीं ‘जेम’ हें ई-बाजारस्थळ सुरू झालें. खरेदी उघड्यावर यावी ती याचसाठीं, कीं कोणीही यावें आणि असा प्रश्न विचारावा. परंतु कांच स्वच्छ असली तरी ती वांकडी असेल तर समोरचा सरळ मनुष्यही वांकडा दिसतो, हा विचार त्या रात्रीं आम्हांस झोंप येऊं देईना.

दुसऱ्या दिवशीं पुतणीस सारा मजकूर सांगितला. ती प्रथम रागावली. “माझं पान खोटं बोलत नाहीं, काका. जुन्या डेटाबेसमध्यें जें आहे तेंच तें दाखवतं. मी एक अक्षर बदललेलं नाहीं.”

“तूं बदललेंस असें कोण म्हणतो?” आम्ही म्हणालों. “पण आम्हांस एवढेंच सांग, हीं मागणीपत्रें किती वाजतां निघालीं हें तुझ्या पानास ठाऊक आहे काय?”

“पानावर नुसती तारीख दाखवली आहे. वेळ आंत असेल.” असें म्हणून तिनें बोटें चालविलीं. पडद्यावर एक यादी आली. आम्हीं चष्मा लावून वाचली. पहिलें मागणीपत्र सायंकाळीं साडेसहा वाजतां. दुसरें साडेसहा वाजतां. तिसरें, चौथें, सगळीं साडेसहा वाजतां. एक मिनिट इकडे नाहीं, एक सेकंद तिकडे नाहीं.

आम्ही म्हणालों, “बावीस वर्षें चाकरी केलेला मनुष्य दर रविवारीं चोरी करावयास येईलही, पण घड्याळाचा कांटा साडेसहावर आल्याच्या ठोक्याला मागणीपत्र लिहील, हें संध्या करणाऱ्यासही साधणार नाहीं.”

ती कांहीं बोललीच नाहीं. तिनें कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “साडेपांच तास!”

मग तिनें जें सांगितलें तें असें. कार्यालयांतील जुन्या कोठारांत दरपत्रकें फोडल्याची नोंद वेळेसह होई : सोमवार, सकाळचे अकरा. परंतु मागणीपत्राच्या नोंदींत भाऊसाहेबांस केवळ तारीख विचारली जाई. वेळेचा रकाना आंत होता, पण तो कोणी भरीत नसे, म्हणून तेथें आपोआप रात्रीचे बारा, म्हणजे सोमवार लागतो तो क्षण, लिहिला जाई. आतां हें नवें पान ज्या भाड्याच्या संगणकांत राहतें त्याचें घड्याळ भारतीय वेळेवर नाहीं. जगांतील बहुतेक अशा संगणकांप्रमाणें तें यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या बाजूच्या वेळेवर चालतें. आणि वकिलाच्या हातीं दिलेल्या चिठींत, कोठारांतील वेळ भारतीय आहे, असें तिनें लिहिलें होतें. वकील प्रामाणिक, त्यानें प्रत्येक वेळ इमानानें यूटीसींत भाषांतरित केली. सोमवारचे सकाळचे अकरा म्हणजे तिकडचे सोमवारचे पहाटेचे साडेपांच; तारीख तीच राहिली. पण सोमवार लागतो तो क्षण म्हणजे तिकडे अजून रविवार, सायंकाळचे साडेसहा. पानावर वेळ न दाखवितां नुसती तारीख दाखविली, आणि म्हणून दरपत्रकें सोमवारीं फुटलेलीं व मागणीपत्रें रविवारीं निघालेलीं दिसलीं. दोन्ही नोंदी सारख्याच सरकल्या होत्या. पण एकीनें मध्यरात्रीचा उंबरठा ओलांडला आणि दुसरीनें ओलांडला नाहीं, एवढ्यानें एक मनुष्य चोर ठरत होता.

हें ऐकून आम्हांस फार आश्चर्य वाटलें असें म्हणवत नाहीं. ज्यानें पंचांग हाताळलें आहे त्याला ही गोष्ट नवी नाहीं. आपल्या ज्योतिषांत उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून गांव पूर्वेस कीं पश्चिमेस हें पाहून देशांतरसंस्कार दिल्यावांचून ग्रह साधीत नाहींत. आणि आपला वार तर मध्यरात्रीं बदलत नाहीं, सूर्योदयास बदलतो. शिवाय मुंबईकरांच्या जुन्या पिढीस याचा अनुभव चांगलाच होता. १९०६ साली सबंध हिंदुस्थानास एक प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई शहरानें आपली स्वतःची वेळ, प्रमाणवेळेहून ३९ मिनिटें मागें, कित्येक वर्षें सोडली नाहीं. ती पुरती गेली १९५५ साली. आमचे आजोबा सांगत कीं मुंबईंत कोणी भेटीची वेळ दिली तर “कोणती?” असें विचारून घ्यावें लागे. त्या लोकांस विचारण्याची संवय होती. आमच्या वकिलास तारीख मागतांना कोणीं तें विचारलें नाहीं आणि त्यानें आपण होऊन सांगितलें नाहीं. खरेदीच्या नोंदी जगभर एकाच साच्यांत प्रसिद्ध व्हाव्या म्हणून ‘ओपन कॉन्ट्रॅक्टिंग डेटा स्टँडर्ड’ या नांवाचा जो ठराव २०१४ साली झाला, त्यांत प्रत्येक तारखेबरोबर वेळ आणि ती वेळ कोठली, हें लिहिणें आवश्यक केलें आहे असें पुतणीनें आम्हांस दाखविलें. तो नियम करणाऱ्यांनींही असले भोग भोगले असावेत.

दुरुस्ती तिनें त्याच दिवशीं केली. जेथें खरोखरीच वेळ आहे तेथें ती भारतीय म्हणून दाखवावयाची. आणि जेथें नुसती तारीख आहे, जसा जन्मदिवस किंवा मागणीपत्राचा दिवस, तेथें तिला क्षण न समजतां केवळ पंचांगांतला दिवस म्हणून वकिलाकडून मागावयाचें. जावाच्या २०१४ सालच्या आवृत्तीपासून अशी सोय ड्रायव्हरांच्या नियमांत आलेली आहे. असा दिवस मागितला कीं तो कोठल्याही घड्याळानें सरकत नाहीं. काम दहा ओळींचें होतें. त्यानंतर तिनें अर्धी रात्र जागून जुन्या सर्व नोंदी बारनिशीशीं एकेक ताडून पाहिल्या. तीनशेंहून अधिक होत्या. त्यांत एकही फरक निघाला नाहीं.

सोमवारच्या सभेस ती स्वतः आली. साडीच्या पदरानें हात पुशीत उभी राहिली आणि कोणतीही सबब न सांगतां, चूक आपल्या जोडणींत होती, असें म्हणाली. निवृत्त अधिकाऱ्यांनीं तिला पुष्कळ उलटसुलट प्रश्न विचारले, साडेसहाची यादी स्वतः वाचली, १ एप्रिलचा दाखला पुन्हा काढावयास लावला. आणि समाधान झाल्यावर ते उठून भाऊसाहेबांच्या खुर्चीपाशीं गेले. काय बोलले तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. आम्हीं ऐकण्याचा प्रयत्नही केला नाहीं.

वाद झाला तो निराळ्याच गोष्टीवर. मागील सभेचा ठराव कार्यवृत्तांत लिहिला गेला होता. त्याचें काय करावयाचें? एक सभासद म्हणाले, तें पान काढून टाकावें. दुसरे म्हणाले, त्यावर आडवी रेघ मारावी. आमचें म्हणणें असें पडलें कीं पूर्वीचें लिहिलें आहे तसें राहूं द्यावें आणि त्याखालीं खुलासा लिहावा. कारण लिहिलेलें खोडून टाकणें हा देखील कौटिल्याच्या यादींत शोभेल असाच प्रकार आहे. बऱ्याच चर्चेनें तें मान्य झालें. मजकूर आम्हींच लिहिला. “मागणीपत्रांच्या तारखा एक दिवस मागें दिसल्या, त्याचें कारण दोन संगणकांच्या घड्याळांतील साडेपांच तासांचा फरक होय, यांत श्री. भाऊसाहेबांचा कोणताही संबंध नाहीं” असें वाक्य होतें. भाऊसाहेबांनीं तें वाचलें आणि नम्रपणें म्हणाले, “गुरुजी, ‘संबंध नाहीं’ पेक्षां ‘दोष नाहीं’ लिहा. संबंध आहेच, मागणीपत्रं मीच काढलीं.” आम्हीं तसा बदल केला.

किल्ल्या त्यांच्याकडे परत गेल्या. पान आजही चालू आहे. देणगीदार तें पाहतात, क्वचित् एखादा गुळाच्या भावाबद्दल विचारणाही करतो. पुतणीनें मागणीपत्राच्या नोंदींतील वेळेचा रकाना काढून टाकण्याची परवानगी मंडळाकडे मागितली होती, कारण त्याचा आतां कांहीं उपयोग नाहीं असें तिचें म्हणणें. परंतु भाऊसाहेबांनीं तिला तसें करूं दिलें नाहीं. त्या सभेनंतर काढलेल्या प्रत्येक मागणीपत्रावर, आणि बारनिशींतही, ते तारखेपुढें स्वतःच्या हातानें वेळ घालतात : सकाळीं ११ वाजून २० मिनिटें, आणि त्यापुढें कंसांत, भारतीय.